ट्रेल बंद व्हायच्या आधी: ट्रॅव्हल प्लॅनवर अभिप्राय नेमका कसा लिहायचा?

लालमाती

नमस्कार मंडळी,

युटामध्ये येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं एका जुन्या रँग्लर जीपमधून इथल्या लाल खडकांत फिरतोय. या विभागात आजवर फक्त फोटो टाकले, आज मदत मागायला धागा काढलाय.

आमच्या भागातल्या बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) कार्यालयाने नव्या ट्रॅव्हल प्लॅनचा मसुदा जाहीर केलाय. चार पर्याय, चार नकाशे. हिरवी रेघ म्हणजे वाट खुली, पिवळी म्हणजे काही अटींवर, लाल म्हणजे गाड्यांना बंद. त्यात एक बारा मैलांची वाट आहे, पठारावरून निघून खाली कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरणारी. माझी मुलगी पहिल्यांदा तंबूत झोपली ती या वाटेवरच्या कड्याजवळ. चारपैकी दोन नकाशांत ती पूर्ण लाल आहे. अभिप्रायाला ३० दिवस दिलेत, त्यातले सहा संपले.

इथे नवीन असलेल्यांसाठी थोडं सांगतो. बीएलएमकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात. ती सगळ्यांची आहे, बहुतेक ठिकाणी कुणीही जाऊ शकतं, तंबू ठोकू शकतं. गाडी मात्र बहुतेक भागांत ठरवून दिलेल्या वाटांवरूनच न्यायची. कोणत्या वाटा ठरवून द्यायच्या, हे ट्रॅव्हल प्लॅनमध्ये ठरतं.

युटातल्या मोआब गावाजवळच्या लॅबिरिंथ रिम्स-जेमिनी ब्रिजेस भागाचा निर्णय सप्टेंबर २०२३मध्ये आला, तेव्हा ३१७ मैलांच्या वाटा गाड्यांसाठी बंद झाल्या. ग्रीन नदीकाठची 'हे जो' कॅन्यन (घळ) गेली, 'टेन माइल' कॅन्यन गेली. त्या मसुद्याच्या वेळी मी एका ठिकाणचं तयार पत्र खाली नाव घालून पाठवलं होतं. दोन मिनिटांचं काम. निर्णय आल्यावर कागदपत्रं वाचायला बसलो तेव्हा कळलं की एकाच मजकुराची हजारो पत्रं एका गठ्ठ्यात जातात आणि त्या गठ्ठ्याला एक उत्तर मिळतं. हे मतदान नसतंच. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

या वेळी नीट लिहायचंय. ज्यांनी असे अभिप्राय लिहिलेत त्यांनी कृपया सांगा. काय लिहिलं, काय उपयोगी पडलं?

घाटमाथा

लालमाती, तुमचं दुःख कळतं. माझी अशीच एक वाट दोन वर्षांपूर्वी गेली.

मला राग याचा येतो की या वाटा आपण पाडलेल्या नाहीत. मोआबच्या आसपासचे पुष्कळ रस्ते १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी बुलडोझर लावून काढले. सरकारलाच युरेनियम हवं होतं. सत्तर वर्षं माणसं त्यावरून गेली, आणि आता म्हणायचं की इथे शांतता हवी, इंजिनाचा आवाज नको. चालणाऱ्यांसाठी १९६४च्या कायद्याने राखलेली वाइल्डरनेस क्षेत्रं आहेतच, तिथे सायकलसुद्धा चालत नाही. त्यावर आपण कधी हक्क सांगितला नाही.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे बदललेले. मागच्या वर्षी भारतातून आले होते. नदीच्या वरच्या कड्यावर गाडीतून उतरून खुर्चीवर बसले आणि दीड तास एक शब्द बोलले नाहीत. परत निघताना म्हणाले, हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ती वाट बंद झाली तर त्यांच्या वयाच्या माणसाला तो कडा संपला. सहा मैल उन्हात चालून जा, हे त्यांना कोण सांगणार?

आणि १८६६च्या खाणकायद्यातलं ते आरएस २४७७ कलम आहे ना, सार्वजनिक जमिनीवरून रस्त्याचा हक्क देणारं? ते का वापरत नाहीत?

दगडफूल

मी पायी फिरणारी, आणि पोटापाण्याला माती-वनस्पतींचं काम करणारी. हा विभाग वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण तुम्ही दोघं मनापासून बोललात.

काही वाटा बंद व्हायला हव्यात असं मला वाटतं. का, तेही सांगते.

युटाच्या वाळवंटात झुडपांच्या मधल्या जागेत काळपट, खडबडीत, भाजलेल्या पोळीसारखी फुगलेली माती दिसते. ती माती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरियांचे चिकट धागे वाळूचे कण बांधून धरतात, त्यावर दगडफूल आणि शेवाळ वाढतं. हा पापुद्रा आहे म्हणून वाळू वाऱ्याने उडत नाही, पावसाचं पाणी मुरतं, आणि हवेतला नायट्रोजन मातीत येतो. त्यावरून एक चाक गेलं की धागे तुटतात. नुसता वरचा थर परत धरायलाच वर्षं लागतात, दगडफूल आणि शेवाळ परतायला अनेक दशकं. कॅलिफोर्नियाकडच्या मोहावी वाळवंटात अमेरिकी जनरल पॅटनच्या सैन्याने १९४२पासून रणगाड्यांचा सराव केला. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. ऐंशी वर्षं उलटून गेली.

वाटेवरच्या गाडीशी माझं भांडण नाही. वाटेची माती मेलेलीच आहे, तिच्यावरून एक गाडी गेली काय आणि शंभर गेल्या काय. भांडण आहे ते चिखल टाळायला बाजूने काढलेल्या दुसऱ्या चाकोरीशी, मग तिसऱ्या चाकोरीशी. आणि एकाच कड्यावर जाणाऱ्या तीन समांतर वाटांशी. तिन्ही कशाला हव्यात?

घाटमाथा, तुमच्या बाबांचा तो दीड तास वाचून मी थांबले. त्या कड्यावर एक चांगली वाट राहायलाच हवी. हे मी माझ्या अभिप्रायातही लिहीन.

जुनीखडी

धागा चांगला चाललाय. मी १९९०च्या दशकापासून या बैठकांना जातोय, म्हणून थोडा इतिहास सांगतो. तो कळला की काय लिहायचं हे आपोआप कळतं.

१९७२च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा आदेश काढला. त्याआधी सार्वजनिक जमिनीवर गाडी कुठे न्यायची याला जवळजवळ धरबंध नव्हता. आदेश म्हणतो की गाड्यांसाठी जागा आणि वाटा ठरवा, आणि त्या अशा ठरवा की माती, पाणलोट आणि झाडोऱ्याचं नुकसान कमीत कमी होईल, वन्यप्राण्यांना त्रास कमीत कमी होईल, आणि इतर फिरणाऱ्यांशी तंटे कमीत कमी होतील. १९७७मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याला जोड दिली: नुकसान मोठं दिसलं तर ती जागा तिथल्या तिथे बंद करा. हेच निकष बीएलएमच्या नियमावलीत ४३ सीएफआर ८३४२.१ या कलमात आहेत (सीएफआर म्हणजे केंद्रीय नियमसंहिता). राष्ट्रीय जंगलं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसने २००५मध्ये आपला ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियम आणला, त्याचीही मुळं तिथेच.

आता कळीचा मुद्दा. बहुतेक जीपवाल्यांना वाटतं की हे निकष आपल्याविरुद्ध आहेत. मलाही पंधरा वर्षं तसंच वाटत होतं. पण वेस्ट मोहावीत काय झालं ते बघा. बीएलएमने सुमारे ५ हजार मैल वाटा खुल्या ठेवल्या. २००९मध्ये केंद्रीय न्यायालयाने तो आराखडा सदोष ठरवला, कारण प्रत्येक वाट निवडताना हे निकष लावल्याचं कागदावर दिसत नव्हतं. वाटा वाईट आहेत असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. तुम्ही विचार केल्याचा पुरावा द्या, एवढंच म्हणाले. युटातले आजचे आराखडेसुद्धा २००८च्या योजनांवरच्या खटल्यातून आणि २०१७च्या तडजोडीतून आलेत.

म्हणजे ज्या वाटेबद्दल कागदावर काहीच नाही, ती खुली ठेवणं कार्यालयाला धोक्याचं. खटला झाला की त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं. ती माहिती आपण द्यायची. ही वाट कुठे जाते, तिथे दुसरी वाट जाते का, कोण कशासाठी वापरतं, तळ खडकाचा आहे की वाळूचा, पाणी कुठे साचतं, कुठे बगल, म्हणजे बाजूने जादा चाकोरी, काढली गेलीय. त्या वाटेचा क्रमांक लिहून. 'मला जीप आवडते' हे खरं असेल, पण त्याने फाइलमध्ये एका ओळीचीही भर पडत नाही.

घाटमाथा, आरएस २४७७ १९७६मध्ये रद्द झालं. आधीचे हक्क टिकले, पण ते न्यायालयात सिद्ध करावे लागतात, आणि ते काम काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) आणि राज्याचं. युटाने १२ हजारांहून जास्त रस्त्यांवर दावा लावलाय, वर्षानुवर्षं चाललाय. तुमचा ३० दिवसांचा अभिप्राय ती जागा नव्हे.

पहिलागिअर

मध्येच विचारते, माफ करा. आम्ही गेल्या महिन्यात कोलोरॅडोत पहिली फोर-बाय-फोर घेतली. एखादी वाट खुली आहे हे ओळखायचं कसं? आम्ही एका ॲपमध्ये बघून गेलो, तर पुढे फाटक बंद होतं.

जुनीखडी

विचारा हो, त्यासाठीच आहोत. कोलोरॅडोत बरीचशी जमीन फॉरेस्ट सर्व्हिसची आहे. त्यांचा मोटर व्हेइकल यूज मॅप असतो, सगळे एमव्हीयूएम म्हणतात. फुकट मिळतो, फोनवर उतरवून घेता येतो. दिसायला काळा-पांढरा आणि रूक्ष, पण कायद्याने तोच खरा. वाट त्यावर नसेल तर ती बंद, मग जमिनीवर पाटी असो वा नसो. बाजूच्या तक्त्यात कोणत्या जातीची गाडी आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तेही दिलेलं असतं. उंचावरच्या पुष्कळ वाटा बर्फ आणि चिखलामुळे हिवाळ्यात बंद ठेवतात, तुमचं फाटक बहुधा त्यातलंच. बीएलएमचे नकाशे वेगळे असतात. दोन्ही जवळ ठेवा, ॲप त्यानंतर.

तळ्याकाठी

कॅलिफोर्नियातून लिहितोय. लिहिण्याइतकंच करण्याबद्दलही बोलायला हवं, म्हणून रुबिकॉनची हकीकत सांगतो.

रुबिकॉन ट्रेल जॉर्जटाउनकडून लेक टाहोकडे जाते, सुमारे २२ मैल. जीपवाल्यांची तिथली पहिली जांबोरी, म्हणजे मेळावा, १९५३ची. आम्हाला वाटायचं की इतक्या नावाजलेल्या वाटेला कोण हात लावणार? २००४मध्ये स्पायडर लेकचा परिसर बंद करावा लागला, कारण माणसांची विष्ठा. तिथे सगळा ग्रॅनाइट आहे. खड्डा खणायला माती नाही, आणि शेकडो माणसं मुक्कामाला. मग २००९मध्ये पाण्याच्या गुणवत्तेचं काम पाहणाऱ्या प्रादेशिक मंडळाने काउंटीला आणि फॉरेस्ट सर्व्हिसला आदेश दिला: ट्रेलवरून ओढ्यात जाणारा गाळ, गळणारं तेल आणि विष्ठा आवरा.

त्या वेळी आमच्यातले काही म्हणाले, हा ट्रेल बंद करण्याचा डाव आहे. मीही म्हणालो. पण एका जाणत्या माणसाने मला पावसात ट्रेलवर नेलं. गाडीतून नाही, पायी. वाट उताराला सरळ खाली जात होती आणि पाणी चाकोरीतूनच धावत होतं. चाकोरीचा ओघळ, ओघळाची घळ, आणि तो सगळा तांबूस गाळ खाली ओढ्यात. आमच्या गावाकडे शेताला बांध नसला की माती कशी वाहून जाते ते लहानपणी पाहिलेलं. तेच होतं. इतकी वर्षं त्याच वाटेवर गाडी चालवून मी पाण्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग कामाला लागलो. ठरावीक अंतरावर वाटेला आडवा, बेताचा उंचवटा आणि त्याच्या वरच्या अंगाला उथळ खोलगट भाग, म्हणजे पाणी वाटेबाहेर काढून झाडीत सोडायचं. गाळ बसायला खड्डे. ओढा ओलांडतो तिथे दगडी फरशी, काही ठिकाणी पूल. गाडी अडखळावी म्हणून मुद्दाम ठेवलेले मोठे दगड हलवायचे नाहीत, कारण वाटेची मजा तिथेच आहे. काउंटीची यंत्रं, संघटनांचे पैसे, स्वयंसेवकांचे हात. ट्रेलच्या तोंडाशी उन्हाळ्यात आमचा माणूस बसतो, येणाऱ्या गाडीला शौचाची पिशवी आणि तेल शोषणारे कपडे देतो. लाजायचं काही नाही त्यात. ज्या गाडीचं डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारी, तेल भरलेली गिअरपेटी) दगडावर फुटतं तिला ते कपडे लागतातच.

रुबिकॉन आज खुली आहे. लालमाती, तुमची वाट ओढ्यात उतरते म्हणालात. माझा पहिला प्रश्न तोच: पाऊस पडून गेल्यावर तिथे कधी गेलात का?

धुराळा

तळ्याकाठी, फार छान लिहिलंत. मी दुचाकीवाला, डर्ट बाइक. आमच्या एका दुचाकीपुरत्या अरुंद वाटा जीपवाल्यांच्या आधी बंद होतात, आणि त्याचं एक कारण आवाज. कॅलिफोर्नियात १९८६पासून बनलेल्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे, सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर मोजून. ठिणगी अडवणारी जाळी लागते ती वेगळीच. आपल्याच गटातला कुणी सायलेन्सर पोकळ करून आला तर त्याला आपणच परत पाठवावं. मी दोनदा पाठवलंय. भांडण झालं. पण त्या आवाजाची तक्रार पुढे सगळ्यांच्या नावावर लागते.

घाटमाथांना एक गोष्ट सांगाविशी वाटते. गेलेली वाट कधीच परत येत नाही असं नाही. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांत २०००मध्ये पीअरसन्स मिल्कव्हेच नावाच्या एका दुर्मीळ वनस्पतीमुळे सुमारे ४९ हजार एकर वाळू बंद झाली. मग वनस्पतीचा माग वर्षानुवर्षं काढला गेला, ती नेमकी कुठे उगवते हे नकाशावर आलं. २०१३च्या आराखड्यात तिची खरी जागा बंद ठेवून उरलेल्यापैकी पुष्कळ भाग परत खुला झाला. त्यात रोपं मोजणारे होते, तसे खटले लढणारेही होते. दोन्ही लागलं.

घाटमाथा

वाचलं सगळं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. जिथे चालणाऱ्याला नुसता आवाज नको म्हणून वाट जाते, तिथे मी विरोधच करणार. पण पाण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. आणि माझ्या बंद झालेल्या वाटेवर मी अभिप्राय दिलाच नव्हता. तो काळ नोकरीच्या धावपळीत गेला. हे इथे लिहून ठेवतो.

दगडफूल

लालमाती, पाहणीला जाणार असाल तर काय बघायचं ते सांगते. वाट ओढ्यात किती ठिकाणी उतरते आणि पात्रातूनच किती अंतर चालते. काठावर विलो किंवा कॉटनवुड ही पाण्याकाठची झाडं आहेत का, झरा आहे का. वाटेची रुंदी चार-पाच ठिकाणी मोजा, बगल जिथे निघालीय तिथे फोटो आणि अक्षांश-रेखांश. कड्यावर पांढरी विष्ठेची माखण दिसली तर तिथे ससाण्याचं किंवा गरुडाचं घरटं असू शकतं, दुर्बिणीतून बघा, जवळ जाऊ नका. असं घरटं असलं तरी वाट वर्षभर बंद करायची गरज नसते. वीणीच्या काळापुरती बंद ठेवली तरी चालतं, आणि तुम्हीच तसं सुचवलंत तर कार्यालयाला एक मधला पर्याय मिळतो. मसुद्यातली पिवळी रेघ त्यासाठीच आहे.

मोहावीकडे कुणी जात असेल तर अवांतर: उभी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. सावलीला कासव बसलेलं असतं. ते १९९०पासून संकटग्रस्त यादीत आहे.

लालमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. परवा रात्री जोराचा पाऊस झाला होता, म्हणून मुद्दाम कालच गेलो. गाडी पठारावरच ठेवली. ओल्या वाटेवर चाकं घालायची नव्हती, आणि तळ्याकाठींचा प्रश्न डोक्यात होता. खाली पायी उतरलो.

वरचे साडेनऊ मैल खडक आहेत. चाकांनी पांढुरकी झालेली फरशी, बाजूला काळी माती शाबूत. दोन ठिकाणी बगल निघालीय, एक चाळीस फुटांची, एक साधारण शंभर. कड्यावर जायला दुसरी कोणतीही वाट नाही, हे नकाशावर परत तपासलं.

खालचे अडीच मैल मला बघवेनात. वाट पात्रातून चालते हे मला माहीत होतं, पण ती सात वेळा काठ चढते-उतरते हे कधी मोजलं नव्हतं. प्रत्येक चढावर काठ ढासळलाय. एका जागी कोवळे विलो चाकाखाली आडवे झालेले होते, आणि त्यावरच्या ठशांची नक्षी माझ्या टायरसारखीच होती. माझीच असतील असं नाही, पण असू शकतात. मी त्या काठावरून निदान तीसदा गेलोय.

मुलीचा तंबू वरच्या भागात, कड्यापाशी होता.

मसुदा असा लिहिलाय, चुका दाखवा:

'ही वाट मी नऊ वर्षं वापरतो. पहिले साडेनऊ मैल खुले ठेवावेत. तळ खडकाचा आहे, पर्यायी वाट नाही, आणि चालता न येणाऱ्यांना कड्यापर्यंत नेणारी ही एकच वाट आहे. दोन बगला बंद कराव्यात, त्यांचे अक्षांश-रेखांश आणि फोटो जोडले आहेत, या कामासाठी आम्ही माणसं देऊ. शेवटचे अडीच मैल गाड्यांना बंद करावेत. पात्रात सात उतार आहेत, काठ ढासळत आहेत, विलो मोडत आहेत. खालच्या बंद भागाच्या तोंडाशी गाडी वळवायला जागा ठेवावी, नाहीतर लोक मातीवर वळवतील.'

अडीच मैल बंद करा, हे स्वतःच्या हाताने टाइप करायला मला रात्रीचे दोन वाजले.

जुनीखडी

वळायची जागा मागितलीत हे उत्तम, ते बहुतेकजण विसरतात. वाटेचा क्रमांक पहिल्याच ओळीत घाला. आणि कोणत्या पर्यायातला कोणता भाग तुम्हाला मान्य, तेही लिहा. बगला बुजवायला परवानगीशिवाय एक दगडही हलवू नका, कार्यालयाकडे स्वयंसेवकांचा करार आधी करावा लागतो.

दगडफूल

विलोंच्या जागेचे फोटो मला पाठवा, झाडं ओळखून देते. तुमच्या साडेनऊ मैलांच्या बाजूने मी माझा वेगळा अभिप्राय देतेय.

घाटमाथा

लालमाती, शनिवारी परत मोजायला जाणार असाल तर मी येतो. पाच तासांचं अंतर आहे, पहाटे निघेन. मोजपट्टी शंभर फुटी आहे माझ्याकडे. बाबा पुढच्या महिन्यात येताहेत, तोपर्यंत ती वाट वाळलेली असेल ना?